एकेचाळीस भोकं

रोकसेल, सोमवार २७ मार्च १९६१

प्रिय फिर्मँ,

छातीचं कसं आहे ते तू लिहीत नाहीस, म्हणजे बरं नसणार. चाळीस वर्षं दगडाची धूळ फुफ्फुसात भरलीस, आता निदान डॉक्टर सांगतात ते ऐक आणि लेकीच्या घरी गप्प पडून राहा.

इथली बातमी अशी. सुंदर गावांच्या स्पर्धेचे परीक्षक रविवारी ११ जूनला रोकसेलला येणार आहेत. गेल्या खेपेला आपण एका गुणाने हरलो. त्यांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, ‘दक्षिण तट अस्वच्छ, गवत व पाली.’ शाळेतून निवृत्त झाल्यावर गावाच्या सुशोभन मंडळाचं अध्यक्षपद मी घेतलं ते असले शेरे पुन्हा वाचायला नव्हे. फेब्रुवारीत वीस माणसं लावून गावाची ती सगळी जुनी तटबंदी साफ करून घेतली. एक काडी गवत दिसणार नाही. गावजेवणाची टेबलं नेहमीप्रमाणे तटाखालीच, माझ्या घराच्या गल्लीत लागतील. जमलं तर ये.

जाता जाता एक. माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार महिनाभर नीट लागत नाही. घराची मागची भिंत तटाला जिथे मिळते तिथे एक भेगही पडली आहे, पेन्सिल जाईल एवढी. तू गवंडी आहेस म्हणून विचारते, घाबरले म्हणून नव्हे.

तुझी मावसबहीण,
ओदील

नँत, २ एप्रिल

बाई,

शाळा सुटून सहा वर्षं झाली तरी छडी हातातच आहे का? मी गप्प पडूनच असतो. लेकीने ताकीद दिली आहे, आणि नात सोलेन पहारा देते. ती सात वर्षांची आहे आणि तुझ्याहून कडक आहे.

आता भेगेचं. शाळेतलं शहाणपण बाजूला ठेव आणि सांगतो तसं कर. भेगेवर आडवी प्लॅस्टरची पट्टी लाव, अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब. ओली असतानाच तीवर तारीख कोर. आम्ही गवंडी हिला साक्षीदार म्हणतो. भेग जुनी आणि निजलेली असेल तर पट्टी अखंड राहते. भिंत हलत असेल तर पट्टी तडकते. ती खोटं बोलत नाही.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. त्या तटामागे काय आहे ते गावातले लोक विसरतात. वर लिंडनच्या झाडांचं जे पटांगण आहे ना, ते सगळं तटामागे भरलेल्या मातीवर आहे. ती माती पावसाचं पाणी पिते आणि तटाला ठेवलेल्या भोकांतून ते बाहेर सोडते. अडतीस साली मी तिथे दुरुस्तीला होतो तेव्हा मोजली होती, एकेचाळीस. चांगला पाऊस होऊन गेल्यावर पाहा, तट ठिबकतो का? ठिबकत असेल तर खुशाल झोप. कोरडा राहिला तर त्याच दिवशी मला तार कर.

फिर्मँ

रोकसेल, १९ एप्रिल

प्रिय फिर्मँ,

साक्षीदार आठ तारखेला लावला. नंतर चार दिवस पाऊस झाला. पट्टी तडकली, पण प्लॅस्टर जुनं होतं, पिशवी बरीच वर्षं कोठीत पडली होती. नवीन आणून दुसरी लावली आहे.

पावसानंतर तट ठिबकतो. नेहमीसारखा.

दाराचं म्हणशील तर सुताराने खालून रंधा मारला, आता लागतं. माझ्या अंगणासमोर तटाला थोडं पोट आल्यासारखं वाटतं. नगराध्यक्ष काझोलना दाखवलं. ते हसून म्हणाले, “बाई, माझ्याही पोटाकडे बघा. आम्ही दोघेही वर्षानुवर्षं असेच उभे आहोत.” ते शाळेत होते तेव्हाही गणितापेक्षा विनोदच जास्त करायचे.

एक विचारायचं राहिलं. भर दुपारी, ऊन तापल्यावर, तटातून वाळू घरंगळल्यासारखा आवाज येतो. पाली असतील का? पण पाली तर हल्ली एकही दिसत नाही.

ओदील

नँत, २६ एप्रिल

बाई,

ठिबकतो ना, मग झालं तर. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तो तट पाणी सोडतोय तोवर तुला आणि मला पोचवून पुढे शंभर वर्षं उभा राहील. वाळूचं म्हणशील तर दगडांच्या सांध्यातला जुना चुना उन्हाने सुटत असेल. दुसरी पट्टी अखंड असेलच, नसती तर तू लिहिलं असतंस.

आणि ऐक. डॉक्टरांनी परवानगी दिली! अकरा तारखेच्या जेवणाला मी येतोय, सोलेनला घेऊन. तिने रोकसेल पाहिलेलं नाही. मी तिला सांगून ठेवलंय की फ्रान्सच्या कित्येक राजांपेक्षा जुना एक तट आहे आणि त्यात आजोबांनी बसवलेले दगड आहेत. आम्हाला दोघांना तटाला अगदी पाठ टेकून जागा धर. जूनमध्ये तेवढीच जागा थंड असते. लसणाच्या सुपाचा वास इथपर्यंत येतोय.

फिर्मँ

रोकसेल, २१ मे

फिर्मँ,

येऊ नकोस. दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते, जूनमध्ये इथे उकाडा फार असतो आणि तुझ्या छातीला तो मानवणार नाही. लहान मुलीचेही हाल होतील. शिवाय परीक्षकांच्या गडबडीत मला तुमच्याकडे बघायला वेळ मिळणार नाही. सप्टेंबरात या, निवांत.

ओदील

नँत, २५ मे

ओदील,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उकाडा म्हणे! मी जन्मलो तिथला उकाडा मला सांगतेस?

मी अडाणी असेन, मूर्ख नाही. परीक्षक येणार, मोठी माणसं येणार, आणि त्यांच्या शेजारी खोकणारा गवंडी भाऊ नको, असंच ना? लहानपणी तू शिकायला शहरात गेलीस आणि मी दगड फोडायला गेलो, तेव्हापासून मावशीच्या घरी माझी खुर्ची कोपऱ्यातच होती. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आज वाटलं.

पण मी येणार. तुझ्यासाठी नाही, सोलेनसाठी. तिने गवताची टोपी घेतली आहे आणि शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. शनिवारी दहा तारखेला रात्रीच्या गाडीने निघतो. तू ओळख दिली नाहीस तरी चालेल. तटाजवळची जागा आम्ही आमची धरू.

फिर्मँ

रोकसेल, गुरुवार ८ जून

प्रिय फिर्मँ,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता टपालाची शेवटची वेळ आहे, म्हणून सरळ लिहिते.

तट ठिबकत नाही. मार्चपासून एक थेंबही ठिबकलेला नाही. मी तुला खोटं लिहिलं.

फेब्रुवारीत आम्ही नुसतं गवत काढलं नाही. गवत भोकांतूनच उगवत होतं आणि पालींची बिळंही तीच. म्हणून मी सांगितलं, भोकं बुजवा. दगडाच्या कपच्या ठोकून भरल्या आणि वरून सिमेंटने लिंपून घेतलं. मी स्वतः वहीत खुणा करत होते. एकेचाळीस. तू मोजली होतीस तेवढीच. तुझं एप्रिलचं पत्र वाचलं तेव्हा वही काढून खुणा पुन्हा मोजल्या. त्याच दिवशी तुला कळवायला हवं होतं. पण मग सगळ्या गावाला कळलं असतं की बाईंनी काय करून ठेवलं, आणि वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, परीक्षक येऊन गेले की गुपचूप उघडून घेऊ.

आजपर्यंत पाच साक्षीदार लावले. पाचही तडकले. शेवटचा एका दिवसात. तटाचं पोट आता माझ्या अंगणात हातभर पुढे आलं आहे. वाळूचा आवाज दिवसभर चालतो. स्वयंपाकघरात मी जात नाही. पुढच्या खोलीत स्पिरिटच्या शेगडीवर अंडं उकडते आणि उभ्यानेच खाते, दाराकडे तोंड करून. मी घाबरले आहे, फिर्मँ. तुझी लाज वाटली म्हणून नको म्हटलं नव्हतं. तू सोलेनला घेऊन तिथे पाठ टेकून बसणार होतास म्हणून म्हटलं.

पण आता मार्ग निघाला आहे. काल मी काझोलना पुन्हा तट दाखवला. भोकांचं बोलले नाही, नुसतं पोट धोक्याचं वाटतं म्हटलं. ते म्हणाले, “सातशे वर्षं उभा आहे बाई, रविवारपर्यंत उभा राहील. पण तुमच्या मनाला एवढं लागत असेल तर टेबलं वर लावू.” तेव्हा आता जेवण वर पटांगणात होईल, लिंडनच्या सावलीत, अगदी तटाच्या कठड्याला लागून. तिथून खोरं छान दिसतं. भिंतीखाली कुणीही नसेल. आता तुम्ही बिनघोर या, मात्र गल्लीतून नको, वरच्या रस्त्याने या.

जमलं तर मला माफ कर.

ओदील

तार

नँत, रविवार ११ जून, सकाळी ८.१०

वर कुणी बसू नये. वरचं वजन तट बाहेर ढकलतं. खाली बसण्यापेक्षा वाईट. सगळ्यांना चौकाच्या कमानींखाली ने. गल्ली बंद कर. भोकांना हातोडा लावू देऊ नको, धक्क्याने तट फुटेल. पत्र काल रात्री निघताना मिळालं, तारघर बंद होतं. आम्ही निघालो नाही. फिर्मँ

रोकसेल, बुधवार १४ जून

प्रिय फिर्मँ,

मी जिवंत आहे, गावही जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझी तार पोस्टातल्या लेओंतीनने मला भर जेवणात आणून दिली. साडेबारा वाजले होते. एकशे ऐंशी माणसं कठड्याला लागून चार रांगांत बसली होती. सूप संपत आलं होतं. नगराध्यक्ष काझोलनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटलीतल्या उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली होती आणि ताटली तोंडाला लावली होती. मी तार वाचली. माझे पाय जिथे होते त्याच्याखाली काय आहे ते मला कळलं. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते पळायचं. एकटीने.

मग मी उठले आणि दोन टाळ्या वाजवल्या, शाळेत वाजवायचे तशा.

सगळे उठून उभे राहिले. तीस वर्षांचे, पन्नास वर्षांचे, सगळे माझ्या हाताखालून गेलेले. काझोल ताटली हातात धरूनच उभे राहिले, मिशीवर वाइन. मी म्हटलं, “टेबलं तशीच राहू द्या. दोघादोघांनी चौकात चला. पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत.” आणि ते चालू लागले. फक्त चार परीक्षक बसून राहिले, कारण ते माझ्या शाळेतले नव्हते. त्यांचे प्रमुख मला विचारतात, “ही इथली जुनी प्रथा आहे का?” त्यांना मी दंडाला धरून उठवलं.

चौकात कमानींखाली मी सगळं सांगितलं. भोकं, सिमेंट, साक्षीदार, तुला लिहिलेलं खोटं. मग काझोल म्हणाले, “म्हणजे तुमच्या पाच प्लॅस्टरच्या पट्ट्यांसाठी तुम्ही परीक्षकांसमोर गावाची अब्रू घालवलीत?” कुणी म्हणालं, “बाईंचं वय झालं.” कुणी हसलंही. आम्ही तीन तास थांबलो आणि काही म्हणजे काही झालं नाही. तट उभाच. टेबलांवर बदकाचं मांस गार झालं आणि त्यावर चिमण्या बसल्या. परीक्षक चारच्या बसने निघून गेले. परत वर जायचं नाही एवढं मात्र मी हट्टाने पाळायला लावलं. संध्याकाळी पावाच्या दुकानात गेले तर बोलणं बंद झालं. मी गावच्या सरायीत झोपले.

पहाटे वादळी पाऊस झाला. आणि सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस, गावाची धुण्याची जागा आमच्याच गल्लीत, तटाला लागून.

मी सात वाजता गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. काझोलनी रविवारी गल्ली बंद करायला नकार दिला होता, म्हणून मीच. दहाच्या सुमाराला झेली आली, ढकलगाडीत धुणं, मागे आणखी पाच बायका. झेली तुला आठवत असेल, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या मुलांतली, चौथीत शाळा सोडलेली.

“सरका बाई. धुणं आंबतंय.”

“गल्ली बंद आहे.”

“कुणी केली?”

“मी.”

“तुमची शाळा सुटली हो बाई! तुमच्या घंटेवर माझा नवरा नाचतो, मी नाही. काल सगळ्यांना उठवून उभं केलंत, वर काय पडलं? चिमणीची शीट पडली काझोलच्या टोपीत.”

मागच्या बायका खिदळल्या. झेलीने गाडीचं चाक माझ्या पावलाला लावलं. मी आवाज चढवणार होते. तोंडही उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, “नाहीतर सांगा तरी, का? धड समजेल असं सांगा. भोकं बुजवली म्हणून एवढी भिंत कशी पडते?”

फिर्मँ, एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत मला या गावात कुणी असं विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि मी खाली बसवलं असेल. मी खुर्चीवरून उठले. तिच्याच गाडीतली ओली चादर घेतली, टोपलीत दाबून भरली आणि दाखवलं, माती म्हणजे ही, पाणी असं भरतं, टोपलीच्या फटी बंद केल्या तर ते कुठे जाईल. तिने वाद घातला. म्हणाली, पाणी खाली जाईल. मी म्हटलं, खाली खडक आहे. ती म्हणाली, मग इतकी वर्षं? मी म्हटलं, इतकी वर्षं भोकं होती. बाकीच्याही जवळ येऊन वाकून बघू लागल्या. एकीने विचारलं, आता उघडली तर? तुझ्या तारेतलं सांगितलं. दहा मिनिटं गेली असतील, फार तर बारा.

आवाज मोठा नव्हता. एखाद्या म्हाताऱ्याने बसताना सोडावा तसा उसासा. मग तट मधोमध उघडला आणि मागची माती चिखल होऊन गल्लीत आली. धुण्याची जागा गेली, तिचं छप्पर गेलं, माझं स्वयंपाकघर गेलं. वरून दोन लिंडनची झाडं उभीच्या उभी खाली सरकली आणि त्यांच्यामागून काल मांडलेली टेबलं, बाकं, ताटल्या. धूळ उडाली नाही, सगळं इतकं ओलं होतं. आमच्या पायांपर्यंत चिखलाचं पाणी आलं आणि थांबलं. झेलीच्या हातात ती टोपली तशीच होती.

मग झेली म्हणाली, “मी आत असते.” एवढंच. आणि माझा हात धरून उभी राहिली.

आता लोक मला वाचवणारी म्हणतात. काझोल भेटायला आले, टोपी काढून. मला ते ऐकवत नाही. रविवारी एकशे ऐंशी माणसं माझ्या दोन टाळ्यांवर उठली, एकानेही कशासाठी म्हणून विचारलं नाही. आणि फेब्रुवारीत वीस माणसं हातात सिमेंट घेऊन त्या तटासमोर उभी होती. त्यांतल्या निम्म्यांचे बाप गवंडी. त्यांना भोकं कशासाठी असतात ते ठाऊक नसेल? पण मी म्हटलं बुजवा, त्यांनी बुजवली. ते शिक्षण मीच दिलं होतं. तट पडला, त्याची भीती आता गेली. ही मात्र जात नाही. आणखी काय काय बुजवून बसले असेन, ते मला कुणी सांगितलं नाही, सांगणारही नाही.

तुझी,
ओदील

नँत, १७ जून

ओदील,

सोलेनला तुझं पत्र वाचून दाखवलं, चादरीचा भाग दोनदा. तिने घरात ओल्या टॉवेलने तोच प्रयोग केला आणि आईचा मार खाल्ला.

‘ठिबकतो’ हा तुझा शब्द मी विसरणार नाही. या पोरीला मी त्या तटाशी बसवणार होतो. हे एकदा लिहून टाकतो, पुन्हा काढणार नाही.

पण तू वीस जणांची यादी केलीस, त्यात एक नाव घालायचं राहिलं. तुझी पट्टी तडकली, तटाला पोट आलं, वाळू गळत होती, पाली पळाल्या. हे सगळं तूच मला लिहिलं होतंस. कुठल्याही कामगाराने हे सांगितलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, खोटं बोलतोस, हा तट ठिबकत नाही. तू सांगितलंस म्हणून मान डोलावली. चाळीस वर्षं भिंती बांधल्या आणि शिकलेल्या बहिणीच्या एका शब्दावर विश्वास ठेवला.

उरलेल्या तटाची भोकं कुणीतरी नीट उघडायला हवीत, वरच्या रांगेपासून, एकेक करून, दोराला बांधून. हातोडा मला झेपणार नाही, पण खुर्चीवर बसून सांगणं जमेल. झेलीला आणि तिच्या त्या पाच जणींना थांबवून ठेव, मला प्रश्न विचारणारी माणसं हवीत.

बुधवारी निघतोय. डॉक्टर नको म्हणाले. तुलाही विचारत नाही.

फिर्मँ